जुन्या डिझेल इंजिनातलं चामडं आणि तेलाची निवड: एका गव्हर्नरचं प्रकरण

तक्रार ऐकायला साधी होती. चार सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन, बरीच वर्षं शेडमध्ये बंद. मालकांनी हौसेने ते पुन्हा उभं केलं. नोझल तपासून घेतले, टाकी धुऊन काढली, फिल्टर बदलले. इंजिन झटक्यात चालूही झालं, पण आयडलिंगला स्थिर राहीना. वेग आपोआप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी क्षणभर रेंगाळून मगच खाली यायचा. थंड इंजिनावर हा प्रकार जास्त, तापल्यावर थोडा कमी, पण पूर्ण कधीच जात नव्हता.

डिझेल पंपाच्या मिस्त्रींनी पंप बेंचवर लावून पाहिला. चारही एलिमेंट, म्हणजे एकेका सिलिंडरला डिझेल दाबून पाठवणारे भाग, सारखं डिझेल देत होते. रॅक, म्हणजे डिझेलचं माप कमी-जास्त करणारा सरकता दांडा, बोटाने सरकवला तर कुठे अडत नव्हता. राहिला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप आवरणारी यंत्रणा. "चामड्याचा डायफ्राम गेलाय, रबराचा टाका आणि मोकळे व्हा," असं मिस्त्रींचं मत. डायफ्राम म्हणजे गव्हर्नरमधला लवचीक पडदा. मालकांना मात्र मूळ चामडंच ठेवायचं होतं. त्यांनी आमच्याकडे आणलेला प्रश्न एका ओळीचा होता: याला तेल कोणतं लावू? तोवर त्यांना तीन सल्ले मिळून चुकले होते. एकाने इंजिन ऑइल सांगितलं, दुसऱ्याने एरंडेल, तिसऱ्याने "घरात असेल ते गोडं तेल". पहिले दोन सल्ले अगदी चुकीचे नव्हते, फक्त चुकीच्या जागेसाठी होते. तिसऱ्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

हा डायफ्राम करतो काय

फिरत्या वजनांचा गव्हर्नर बहुतेकांना माहीत असतो. या पंपात वजनं नाहीत, याचा गव्हर्नर न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारा आहे. इंजिनात हवा जाते त्या वाटेत एक बटरफ्लाय, म्हणजे फिरती झडप असते आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपाला नव्हे, तर या बटरफ्लायला जोडलेला असतो. तिथल्या अरुंद गळ्यातून एक बारीक पाइप निघतो आणि पंपाच्या टोकाला असलेल्या डबीत जातो. डबीच्या मधोमध चामड्याचा डायफ्राम. त्याच्या एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि रॅकचं टोक डायफ्रामला अडकवलेलं. स्प्रिंग रॅकला जास्त डिझेलकडे ढकलते, व्हॅक्यूम त्याला बंद करण्याच्या दिशेने ओढतो. या दोघांचा जिथे मेळ बसतो, तिथे इंजिनाचा वेग ठरतो. 1949 साली 'मर्सिडीज-बेंझ 170 डी'मध्ये आलेलं ओएम 636 इंजिन किंवा फर्ग्युसनचा टीईएफ 20 हा डिझेल ट्रॅक्टर, दोन्हींवर याच जातीचे गव्हर्नर होते.

हा व्हॅक्यूम फार मोठा नसतो आणि सगळी मेख इथेच आहे. हिशेबासाठी तो पाण्याच्या 500 मिलिमीटर स्तंभाइतका धरू, म्हणजे सुमारे 0.05 बार. डायफ्राम 7 सेंटिमीटर व्यासाचा असला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण 38.5 चौरस सेंटिमीटर भरतं आणि एकूण ओढ होते जेमतेम दोन किलोची. त्यातले शंभर-दोनशे ग्रॅम चामड्याच्या ताठरपणातच खर्च झाले, तर रॅक हलायला उशीर करतो आणि हलतो तेव्हा गरजेपेक्षा जास्त हलतो. तेच आयडलिंगचे हेलकावे. उलट डायफ्रामला चीर पडली किंवा कडेने हवा शिरू लागली, तर ओढच संपते. स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलवर नेऊन बसवते आणि इंजिन सुसाट सुटतं. ताठरपणा त्रास देतो, गळती मात्र इंजिन मोडू शकते, जवळ उभ्या माणसाला इजाही करू शकते. म्हणून या चामड्याला लावायच्या तेलाने ते लवचीकही ठेवायला हवं आणि हवाबंदही. नुसतं मऊ करणारं तेल इथे पुरत नाही.

डबी उघडल्यावर

डायफ्राम बाहेर काढला तेव्हा एकाच चामड्याचे दोन वेगळे तुकडे जोडल्यासारखे वाटत होते. वरचा अर्धा भाग कडक, तपकिरी, वॉर्निश मारल्यासारखा चकचकीत. नखाने दाबला तर पांढुरकी रेघ उमटायची आणि ती जायची नाही. खालचा अर्धा भाग फुगलेला, लिबलिबीत, डिझेलचा वास मारणारा. मधल्या लोखंडी वायसरभोवती चामड्यावर शाईसारखं काळं कडं उमटलं होतं, आणि शेजारच्या पितळी रिव्हेटवर हिरवट, मेणचट थर साचला होता.

या प्रत्येक खुणेत काही ना काही माहिती होती. काळं कडं म्हणजे लोखंड आणि टॅनिन (झाडांच्या सालीतलं, चामडं कमावणारं द्रव्य) यांची ओल्यात झालेली गाठ. अर्थात हे चामडं झाडांच्या सालींनी कमावलेलं होतं, क्रोमने नव्हे. हे कळणं महत्त्वाचं, कारण अशा चामड्याचे तंतू ओल्या अवस्थेत साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसलाच आकसतात. क्रोमचं चामडं शंभरच्या आसपास टिकतं. तेव्हा तेल तापवून त्यात चामडं बुडवण्याची जी जुनी खटपट काही जण करतात, ती इथे बादच. हिरवट मेण म्हणजे पूर्वी कुणीतरी लावलेल्या तेलातली मोकळी आम्लं आणि पितळेतलं तांबं यांचं मिश्रण. ते तेल खनिज नव्हतं, एवढं त्यावरून नक्की झालं.

आता तो चकचकीत थर. व्हाइट स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला तरी सुटेना, कापसाला फक्त किंचित पिवळसर चिकटा लागला. खनिज तेलाचा डाग असता तर पुसून आला असता. हे वाळणारं तेल होतं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने साखळ्या बांधत जातं आणि शेवटी त्याचा पापुद्रा बनतो, रंगकामात त्याचा उपयोगच त्यासाठी आहे. सूर्यफूल, करडई, सोयाबीन ही तेलंही कमी-अधिक त्याच वाटेने जातात. चामड्यावर लावलं की पहिले काही आठवडे छान मऊ वाटतं. मग ते तंतूंच्या आतच वाळतं आणि तंतू एकमेकांना चिकटून बसतात. "घरात असेल ते गोडं तेल" हा सल्ला पूर्वी कुणीतरी अमलात आणून झालेला होता आणि त्याचा निकाल आमच्या समोर टेबलावर पडला होता.

खालच्या भागातलं डिझेल कुठून आलं, ते पंपाच्या डिपस्टिकने सांगितलं. कॅमशाफ्टच्या कप्प्यातलं ऑइल खुणेच्या वर चढलं होतं आणि बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ लागत होतं. पंपातून डिझेल खाली झिरपत होतं, आणि रॅकच्या बुशमधून त्यातलं थोडं गव्हर्नरच्या डबीत शिरत होतं. डिझेल हे चामड्याच्या दृष्टीने कोरड्या धुलाईचं द्रावण आहे. कमावताना तंतूंमध्ये घातलेली स्निग्धता ते विरघळवून घेऊन जातं. ओलं असेपर्यंत चामडं फुगलेलं, मऊ राहतं. डिझेल उडून गेलं की कोरडं, पोकळ चामडं तेवढं उरतं.

हा डायफ्राम वाचवण्यासारखा नव्हता. एकदा तंतू आतून चिकटले की त्यांना सोडवणारं तेल नाही, दुकानदार काहीही म्हणो. सुदैवाने मालकांकडे त्याच पंपाचा न वापरलेला जुना डायफ्राम कागदी पाकिटात जपून ठेवलेला होता. तो सुकलेला होता, पण पेन्सिलभोवती हलक्या हाताने वळवला तर तडा जात नव्हता. कडेला घासून पाहिलं तर भुकटी निघत नव्हती. तेल निवडायचं होतं ते आता याच्यासाठी.

पट्ट्यांवरची परीक्षा

एकुलता एक सुटा भाग घेऊन त्यावर प्रयोग करणं शहाणपणाचं नव्हतं. तशाच सालीच्या कमाईच्या पातळ चामड्याच्या पट्ट्या कापल्या आणि आधी कोणती तेलं परीक्षेला बसवायचीच नाहीत ते ठरवलं. सिलिकॉन स्प्रे बाद, कारण तो पृष्ठभागावर बसतो आणि नंतर चांगलं तेल लावलं तरी ते आत शिरू देत नाही. ग्लिसरीन बाद, ते हवेतलं पाणी ओढतं. दमट दिवसांत चामडं ढिलं, कोरड्या दिवसांत ताठ, वर शेजारच्या रॅकला गंजाची भीती. गिअर ऑइलही बाद. त्यात जास्त दाबासाठी घातलेली गंधकाची रसायनं पितळ-काशाला त्रास देतात आणि आम्ल-गंधक हे सालीने कमावलेल्या चामड्याचे जुने वैरी आहेत. ग्रीस तंतूंत शिरतच नाही.

उरली तीन: साधं मोनोग्रेड इंजिन ऑइल, एरंडेल आणि नीट्सफूट तेल. नीट्सफूट गुरांच्या पायांच्या नळ्या उकळून काढतात. त्यात ओलेइक आम्लाचा भाग मोठा असल्यामुळे ते थंडीत लवकर गोठत नाही आणि जवसासारखं वाळतही नाही. विकत घेताना डबीवर 'कंपाउंड' लिहिलेलं असेल तर परत ठेवावी, त्यात खनिज तेल मिसळलेलं असतं. शुद्ध आणि कमी आम्लाचं हवं, नाहीतर पितळी रिव्हेटवर पुन्हा तेच हिरवं मेण.

तिन्ही तेलं एकेका पट्टीला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत मऊ पट्टी होती ती इंजिन ऑइलची. मालक खूश झाले, त्यांच्या मनात तेच होतं. खनिज तेल पातळ, चामड्यात झपाट्याने शिरतं, आणि म्हणूनच ते लावणाऱ्याला लगेच गुण आल्यासारखं वाटतं. पण त्या तेलाची चामड्याच्या तंतूंवर पकड नसते. पट्ट्या डिझेलमध्ये बुडवून, काढून, टांगून सुकवल्या तेव्हा चित्र उलटलं. इंजिन ऑइलची पट्टी जवळजवळ मुळातल्याइतकीच कोरडी झाली. नीट्सफूटच्या पट्टीनेही बरंच गमावलं, तरी ती वळत होती. एरंडेलाच्या पट्टीत फारसा फरकच पडला नाही. एरंडेल पेट्रोलियमच्या तेलांत नीट मिसळत नाही, त्यामुळे डिझेल त्याला धुऊन नेऊ शकत नाही. सुरुवातीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये गळती अडवायला चामड्याच्या वाट्या असत आणि ब्रेकचं तेल एरंडेल-अल्कोहोलचं असे. चामड्याशी एरंडेलाचं जमतं, हे तिथेही दिसून आलं होतं.

मग एरंडेलच का नाही? याचं उत्तर फ्रिजने दिलं. तिन्ही पट्ट्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. सकाळी एरंडेलाची पट्टी एका टोकाला धरली तर जवळपास आडवी राहिली, नीट्सफूटची आपल्या वजनाने खाली लवली. एरंडेल मुळातच फार दाट, थंडीत आणखी दाट होतं. जिथे दोन किलोच्या ओढीवर सारा कारभार, तिथे थंड सकाळी ताठ होणारं तेल भरणं म्हणजे मूळ तक्रार नव्याने विकत घेणं. डायफ्रामसाठी नीट्सफूट ठरलं ते या परीक्षेवर. प्राणिज तेल नको असेल त्यांनी होहोबा तेलाचा विचार करावा. ते खरं तर द्रवरूप मेण आहे, सहज खवट होत नाही, आणि देवमाशाच्या तेलाची जागा अनेक ठिकाणी त्यानेच घेतली.

आधी डिझेलची वाट बंद

नीट्सफूटही डिझेलमध्ये विरघळतं, हे पट्टीवर दिसलंच होतं. डबीत डिझेल येत राहिलं तर कोणतंही चांगलं तेल एका हंगामाचं पाहुणं. म्हणून पंप परत मिस्त्रींकडे गेला. एका एलिमेंटच्या बॅरलची बैठक झिरपत होती. त्यांनी ती घासून बसवली, रॅकचा बुश पाहिला, कप्पा धुऊन नवं ऑइल खुणेपर्यंत भरलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं काम हेच, आणि त्यात तेलाच्या निवडीचा संबंध शून्य.

नव्या डायफ्रामला थेट तेल लावलं नाही. वाळलेल्या चामड्यात पाण्याचा अंश फार कमी उरलेला असतो आणि तंतू ताठ असताना तेल ठिकठिकाणी असमान शिरतं. बंद डब्यात ओलं फडकं ठेवून, त्याला स्पर्श होणार नाही असा डायफ्राम जाळीवर रात्रभर ठेवला. सकाळी तो हाताला किंचित गार आणि सैल लागला. मग हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत तेल गरम करून मांसाच्या, म्हणजे खरबरीत बाजूने बोटाने थेंब-थेंब जिरवलं. गुळगुळीत बाजूला फक्त तेलकट फडकं फिरवलं. टिपकागदांत सपाट ठेवून एक दिवस जाऊ दिला. तेल पुरेसं झालं की जास्त, ते पाहायला पांढऱ्या कागदावर डायफ्राम दाबायचा. पुसट छाप उमटली तर ठीक. ओलं, पसरत जाणारं वर्तुळ उमटलं तर तेल जास्त झालं, अजून टिपायला हवं. जास्तीचं तेल डबीत साचतं आणि व्हॅक्यूमच्या पाइपमधून ओढलं जाऊन त्याच बारीक वाटेत अडकून बसतं.

बसवताना दोन गोष्टी सांभाळल्या: डायफ्रामला पीळ पडू न देणं आणि कड सगळीकडे सारखी दाबली जाणं. मग पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरलं आणि डबीवर व्हॅक्यूम लावून पाहिलं. जुन्या डायफ्रामवर पाण्याची पातळी बघता बघता पडत होती, नव्यावर ती हळूहळू, डोळ्याला जेमतेम कळेल अशी सरकली. ही सोय नसेल तर साधी परीक्षा अशी: इंजिन बंद असताना स्टॉपचा दांडा ओढून रॅक बंदकडे न्यायचा, व्हॅक्यूमचं तोंड बोटाने दाबून धरायचं आणि दांडा सोडायचा. डायफ्राम धड असेल तर रॅक थोडासा परतून थबकतो. सरळ मागे पळाला तर हवा गळते आहे.

पहिल्यांदा चालू करताना एक माणूस स्टॉपच्या दांड्यावर आणि दुसरा हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन उभा होता. हात किंवा चिंधी कधीही लावू नये, इंजिन ती आत ओढून घेतं. फळीची गरज पडली नाही. आयडलिंग स्थिर होतं. फार थंड सकाळी सुरुवातीला एखाद-दोन हेलकावे येतात आणि मिनिटभरात जातात, ते आम्ही आणि मालकांनी चालवून घेतलं.

उरलेली दोन चामडी

या इंजिनात आणखी दोन ठिकाणी चामडं होतं आणि मालकांना उरलेल्या बाटलीतलं नीट्सफूट तिथेही वापरायचं होतं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या हँड प्रायमरमधली (हाताने डिझेल भरायच्या दट्ट्यातली) वाटी कायम डिझेलमध्ये बुडालेली. तिथे नीट्सफूट टिकणार नाही, तिला एरंडेल दिलं. तिथे थंडीतल्या दाटपणाने काही बिघडत नाही, हाताने दोन झटके जास्त मारावे लागतील इतकंच. या वाट्या डिझेलमुळे खराब होतात त्यापेक्षा जास्त टाकी रिकामी ठेवून सुकल्यामुळे होतात. इंजिन उभं ठेवायचं असेल तर लाइन भरलेली ठेवावी.

क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाचं चामड्याचं ऑइल सील मात्र आहे तसंच ठेवलं. ते इंजिन ऑइलने सतत भिजतं, गेलेलं तेल पुन्हा मिळत राहतं. तिथे इंजिन ऑइलचा पहिला सल्ला बरोबर ठरतो. अशा सीलचा खरा शत्रू उष्णता आहे. सुमारे 90 अंशांपुढे चामडं कडक व्हायला लागतं, मग तेल कोणतंही असो. इंजिन बरेच महिने बंद राहिलं असेल तर चालू करण्याआधी सीलच्या ओठावर थोडं ऑइल सोडून ते मुरू द्यावं. कोरड्या ओठावर शाफ्ट फिरला की सील पहिल्याच दिवशी जळतं.

मालकांना पुढची देखरेख सांगितली ती अशी. पंपाच्या कप्प्यातलं ऑइल नियमित पाहायचं, पातळी वाढली तर तेल लावायच्या भानगडीत न पडता आधी पंप दाखवायचा. डायफ्रामला हंगामातून एकदा, इंजिन बंद असताना, दोन-तीन थेंब पुरे. थंडीत चामड्यावर पांढुरकी भुकटी दिसली तर घाबरून लगेच घासायची नाही. केस सुकवायच्या यंत्राचा कोमट झोत लांबून द्यायचा. वितळली तर ती तेलातली गोठलेली स्निग्धता. तशीच राहिली तर बुरशी, आणि मग डबीत ओल कुठून येते ते शोधायचं.

मिस्त्रींचा रबराचा सल्ला मी खोडून काढत नाही. रोज कामाला जुंपलेल्या इंजिनावर कापडाच्या धाग्यांचा, तेल सोसणाऱ्या रबराचा डायफ्राम टाकणं जास्त सोयीचं, त्याला डिझेलची भीती कमी आणि देखभाल जवळपास नाही. फक्त त्याचा ताठरपणा चामड्यापेक्षा वेगळा असतो. तो बसवल्यावर पंप बेंचवर लावून आयडलिंग आणि वरच्या वेगाची मर्यादा नव्याने बांधून घ्यावी लागते. नुसता बदलून डबी बंद केली तर हेलकाव्यांची तीच तक्रार घेऊन इंजिन परत येतं.